त्वरण एकसमान असेल तर

धर्माबाद स्टेशनावरून मराठवाडा एक्स्प्रेस मनमाडच्या दिशेने सुटते, तेव्हा तिच्या पहिल्या मिनिटात नववीच्या विज्ञानातले अर्धे प्रकरण घडून जाते. गाडी उभी असते, म्हणजे सुरुवातीचा वेग शून्य. गार्डची शिट्टी होते, डबे धक्का देत हलतात आणि वेग वाढू लागतो. तो दर सेकंदाला सारखाच वाढतो असे घटकाभर मानले आणि ही वाढ सेकंदाला ०.२ मीटर प्रतिसेकंद धरली, तर मिनिटानंतर गाडी १२ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी साधारण ४३ किलोमीटर वेगाने जात असेल. तेवढ्या वेळात ती ३६० मीटर पुढे गेलेली असेल. हिशोब तोंडी होण्याजोगा आहे. अवघड आहे तो त्यातला ‘मानले’ हा भाग, आणि या विषयाची खरी ओळख तिथूनच करून द्यायला हवी.

धर्माबाद हे या मार्गावरचे महाराष्ट्राचे शेवटचे स्टेशन. पुढचे बासर तेलंगणात. लाल मिरचीच्या बाजारासाठी हे गाव ओळखले जाते आणि त्या बाजारात मराठी, तेलुगू, उर्दू, हिंदी सगळ्याच भाषांतून भाव ठरतो. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. उच्च शिक्षण उर्दूतून देण्यासाठी तिथे १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले आणि त्यासाठी आदल्याच वर्षी भाषांतराचे स्वतंत्र खाते उभारले गेले. म्हणजे या भागातल्या एका पिढीपुढे भौतिकशास्त्र उर्दूतून आले. पुढच्या पिढ्यांना ते मराठीतून मिळाले. आजची मुले दहावीपर्यंत मराठीत शिकतात आणि अकरावीला विज्ञान शाखा घेतली की एका उन्हाळ्यात इंग्रजीवर येतात. गणिताचा उतारा वाचताना मुलगा अडखळला की ‘याचं गणित कच्चं आहे’ असा शेरा पटकन मारला जातो. पुष्कळदा त्याची आकडेमोड पक्की असते, अडलेले असते ते वाक्य.

एकसमान त्वरणाच्या गणितात पाचच राशी येतात: सुरुवातीचा वेग, शेवटचा वेग, त्वरण, विस्थापन आणि काळ. महाराष्ट्राच्या नववीच्या पुस्तकात ‘गतीचे नियम’ या पहिल्याच प्रकरणात त्यांची तीन समीकरणे येतात. पहिले सांगते की शेवटचा वेग म्हणजे सुरुवातीचा वेग अधिक त्वरण गुणिले काळ. दुसरे विस्थापन देते: सुरुवातीचा वेग गुणिले काळ, अधिक त्वरण गुणिले काळाचा वर्ग याचे अर्धे. तिसऱ्यात काळ येतच नाही. शेवटच्या वेगाचा वर्ग म्हणजे सुरुवातीच्या वेगाचा वर्ग अधिक त्वरण आणि विस्थापन यांच्या गुणाकाराची दुप्पट.

ही तीन वाक्ये पाठ नसलेला विद्यार्थी सापडणे कठीण. तिन्हींतले कोणते कधी वापरायचे हे नेमके सांगणारा मात्र शोधावा लागतो. खरे तर प्रत्येक समीकरणात पाचपैकी एक राशी गैरहजर असते. पहिल्यात विस्थापन नाही, दुसऱ्यात शेवटचा वेग नाही, तिसऱ्यात काळ नाही. म्हणून गणित वाचून झाल्यावर दिलेल्या राशी आणि विचारलेली राशी कागदावर मांडायची. जी राशी दिलेलीही नाही आणि विचारलेलीही नाही, ती ज्या समीकरणात नसेल ते उचलायचे. त्यासाठी आधी वाक्यांतून राशी वेचता याव्या लागतात. ‘उभी गाडी’, ‘स्थिर अवस्थेतून’, ‘हातातून सोडला’ या तिन्हींचा अर्थ सुरुवातीचा वेग शून्य. ‘फेकला’ म्हटले की तो शून्य नाही. ‘थांबते’ म्हणजे शेवटचा वेग शून्य. ‘सर्वांत जास्त उंचीवर’ म्हटले तर त्या क्षणी वेग शून्य, पण त्वरण नव्हे. या शेवटच्या ठिकाणी वर्गातली निम्मी मुले घसरतात. चेंडू वर जाऊन क्षणभर थांबला, तेव्हा गुरुत्वाकर्षणानेही क्षणभर सुट्टी घेतली असे त्यांना वाटते.

शाळेतल्या तीन समीकरणांत चौथे सहसा धरत नाहीत, पण तेच सर्वांत जुने आहे आणि प्रस्तुत लेखकाच्या मते पहिल्यांदा शिकवायला हवे ते तेच. वेग एकसारखा वाढत असेल, तर कापलेले अंतर म्हणजे सुरुवातीच्या आणि शेवटच्या वेगांची सरासरी गुणिले काळ. चौदाव्या शतकात ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजातल्या विद्वानांनी हे मांडले, आणि त्याच शतकात फ्रान्समधल्या निकोल ओरेम यांनी ते आकृती काढून दाखवले. आडव्या रेषेवर काळ, उभ्या रेषेवर वेग. तिरप्या रेषेखाली जे क्षेत्रफळ सापडते तेच अंतर. नववीच्या पुस्तकातला आलेख थेट त्या वंशातला आहे. पडणाऱ्या वस्तूला हे सारे लागू होते हे मात्र गॅलिलिओने दाखवले आणि १६३८ साली लायडनमध्ये छापलेल्या ग्रंथात मांडले. सरळ पडणारी वस्तू मोजता येण्यापेक्षा जास्त वेगाने पडते, म्हणून त्याने उतरत्या पाटावरून गोळे सोडले आणि भांड्यातून गळणाऱ्या पाण्याचे वजन करून काळ मोजला. सारख्या कालावधींत कापलेली अंतरे १, ३, ५, ७ अशा विषम संख्यांच्या प्रमाणात निघाली. शालेय पुस्तके या समीकरणांचे श्रेय न्यूटनच्या पदरात टाकतात. न्यूटन जन्मला तो १६४२ च्या नाताळात, गॅलिलिओचा ग्रंथ छापून झाल्यावर चार वर्षांनी. त्याचे स्वतःचे काम इतके मोठे आहे की दुसऱ्याच्या श्रेयाची त्याला गरज नाही.

गॅलिलिओला पाट आणि पाणी लागले. आज ते काम स्लो-मोशन चित्रण करणारा कोणताही मोबाइल करतो. भिंतीला मोजपट्टी चिकटवून चेंडू सोडला आणि दर दशांश सेकंदाची चित्रे पाहिली, तर पहिल्या टप्प्यात चेंडू सुमारे ४.९ सेंटिमीटर उतरतो, दुसऱ्यात १४.७, तिसऱ्यात २४.५, चौथ्यात ३४.३. भागाकार करून पाहावा: तेच १, ३, ५, ७.

या समीकरणांचा सर्वांत गंभीर उपयोग रस्त्यावर होतो. मिरचीची पोती रचलेला ट्रक समोर अचानक आडवा आला, तर मागून येणाऱ्या गाडीला थांबायला किती जागा लागेल? भारतातले रस्ते आखताना हा प्रश्न नुसता चर्चेचा राहत नाही. १९३४ साली स्थापन झालेल्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत त्याचे सूत्र आहे आणि वळणे व चढ आखताना ‘थांबण्यापुरते दिसणारे अंतर’ त्यावरून ठरते. सूत्राचे दोन भाग आहेत. चालकाला धोका दिसून त्याचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत अडीच सेकंद धरलेले आहेत. त्या काळात गाडी पूर्वीच्याच वेगाने धावत राहते. दुसरा भाग ब्रेक लागल्यानंतरचा: ताशी किलोमीटरमधल्या वेगाचा वर्ग, भागिले २५४ आणि घर्षणांक यांचा गुणाकार.

हा २५४ कुठून आला? अभियांत्रिकीच्या मुलांनाही तो आकाशातून पडलेला वाटतो. तिसरे समीकरण घ्या. शेवटचा वेग शून्य, ब्रेकमुळे होणारी वेगघट घर्षणांक गुणिले ९.८, म्हणून अंतर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले दोन, घर्षणांक आणि ९.८ यांचा गुणाकार. वेग ताशी किलोमीटरमध्ये हवा असेल तर ३.६ ने भागायचे, आणि वर्ग असल्यामुळे दोनदा. दोन गुणिले ९.८ गुणिले १२.९६ म्हणजे २५४. नववीचे समीकरण एकके बदलून महामार्गावर नोकरीला लागले आहे, एवढाच त्याचा इतिहास.

आता आकडे. ताशी ५० किलोमीटर वेगाला मानक सुमारे ६० मीटर अंतर मागते, ताशी १०० ला १८०. वेग दुप्पट, अंतर तिप्पट. काही विद्यार्थी दुप्पट सांगतात, जरा हुशार असतील ते वर्ग आठवून चौपट सांगतात, आणि दोघेही चुकतात. अडीच सेकंदांतले अंतर वेगाबरोबर दुपटीने वाढते: ३५ चे ६९ मीटर. ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौपटीने वाढते: २७ चे ११२. दोन्हींची बेरीज तिपटीच्या आसपास येते. म्हणजे एकाच प्रश्नात दोन वेगवेगळ्या गती जोडलेल्या आहेत. पहिल्या तुकड्यात त्वरण शून्य, दुसऱ्यात ऋण. दोन्हींना मिळून एकच समीकरण लावायला गेले की उत्तर हमखास बिघडते. ‘टप्पे वेगळे करा, एका टप्प्याचा शेवटचा वेग हा पुढच्या टप्प्याचा सुरुवातीचा’ हे सूत्र फळ्याच्या कोपऱ्यात कायमचे लिहून ठेवण्याजोगे आहे.

रेल्वेत हाच विचार सिग्नलच्या जागेत उतरतो. स्टेशनाच्या होम सिग्नलची आगाऊ सूचना देणारा डिस्टंट सिग्नल साधारण एक किलोमीटर अलीकडे असतो. ताशी १०० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर वेगाने येणाऱ्या गाडीला एक किलोमीटरात थांबायचे असेल, तर तिचा वेग दर सेकंदाला सुमारे ०.३९ मीटर प्रतिसेकंदाने घटायला हवा. थांबायला लागणारा वेळ सरासरीच्या समीकरणाने तोंडी निघतो: सरासरी वेग १३.९, म्हणून ७२ सेकंद. मात्र लांब गाडीत ब्रेकच्या नळीतला हवेचा दाब पुढून मागे उतरत जायला काही सेकंद जातात, त्यामुळे सुरुवातीला वेग कमी घटतो, मग जास्त. कागदावरचे ०.३९ ही सरासरी झाली, आणि अभियंते त्यावर पुरेशी मोकळीक ठेवूनच जागा ठरवतात.

याच संदर्भात वंदे भारतचा आकडा पाहण्यासारखा आहे. २०२२ साली आलेल्या नव्या बनावटीबद्दल रेल्वेने सांगितले होते की ती ५२ सेकंदांत ताशी १०० किलोमीटर गाठते. त्वरण एकसमान मानले तर ते ०.५३ येते आणि अंतर ७२२ मीटर. परीक्षेत याला पूर्ण गुण मिळतील. रुळांवर मात्र असे घडत नाही. विजेवर चालणारी गाडी सुरुवातीला जवळजवळ सारख्या जोराने ओढते. वेग वाढला की मोटारींची शक्ती अपुरी पडू लागते आणि तीच शक्ती जास्त वेगाला वाटली गेल्यामुळे ओढ कमी होत जाते. म्हणून पहिल्या सेकंदांत त्वरण सरासरीहून जास्त, शेवटच्या सेकंदांत कमी. आलेखातली रेषा वर जाताना आडवी होत वाकते, तिच्याखालचे क्षेत्रफळ त्रिकोणापेक्षा मोठे भरते आणि ५२ सेकंदांत कापलेले खरे अंतर ७२२ मीटरपेक्षा जास्त निघते. समीकरणाची चूक कोणत्या बाजूला, हे असे आकडेमोड न करता सांगता आले तर विषय अंगी मुरला म्हणायचे.

सगळ्यात जास्त गुण चिन्हांपायी जातात. वरची दिशा धन धरली की गुरुत्वत्वरण ऋण, खालच्या दिशेचे विस्थापनही ऋण, आणि हा नियम मधेच बदलायचा नाही. समजा १५ मीटर उंचीच्या पाण्याच्या टाकीवरून कुणी चेंडू सेकंदाला १० मीटर वेगाने सरळ वर फेकला. तो टाकीला न आपटता जमिनीवर किती वेळाने पडेल? हिशोब सोपा राहावा म्हणून गुरुत्वत्वरण १० धरू. चेंडूची सगळी वाटचाल तुकड्यांत करायची गरज नाही, कारण वर जाताना आणि खाली येताना त्वरण तेच आहे. विस्थापन उणे १५, सुरुवातीचा वेग १०, त्वरण उणे १०. दुसऱ्या समीकरणात घातले की काळाचे वर्गसमीकरण मिळते आणि उत्तरे दोन येतात: ३ सेकंद आणि उणे १ सेकंद.

उणे एकावर काट मारून मुले पुढे जातात. असे करणारी ती पहिली नव्हेत. ११५० साली पुऱ्या झालेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’तल्या बीजगणितात भास्कराचार्यांनी माकडांच्या कळपाचे एक उदाहरण दिले आहे. कळपाच्या पाचव्या हिश्श्यातून तीन वजा करून त्याचा वर्ग केला, तितकी माकडे गुहेत गेली आणि एक बाहेर दिसते आहे, तर एकूण किती? उत्तरे निघतात ५० आणि ५. दोन्ही समीकरणात बसतात. पण पाच घेतले तर पाचवा हिस्सा एक, त्यातून तीन गेले की उणे दोन. वर्ग केल्यावर चार येतात खरे, पण उणे दोन माकडे ही गोष्ट लोकांना पटणारी नाही, म्हणून दुसरे उत्तर घ्यायचे नाही असे आचार्य सांगतात. उत्तर टाकून देण्याआधी ते का टाकायचे याची चर्चा करणारा हा गणिती महाराष्ट्राच्या भूमीशी जोडलेला आहे. चाळीसगावजवळच्या पाटण इथल्या तेराव्या शतकारंभीच्या शिलालेखात, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवाने चालवलेल्या मठाची नोंद आहे. ग्रहांची ‘तात्कालिक गति’ काढतानाही भास्कराचार्य त्या त्या क्षणाचा वेग हाताळत होते, हे जाता जाता नोंदवायला हवे.

माकडांच्या बाबतीत दुसरे उत्तर निरर्थक होते. चेंडूच्या बाबतीत तसे नाही. समीकरणाला टाकीही दिसत नाही आणि फेकणारा हातही. त्याला एवढेच ठाऊक आहे की शून्य क्षणी चेंडू १५ मीटरवर होता आणि १० च्या वेगाने वर चालला होता. असा चेंडू जमिनीवरूनच उडवलेला असता, तर तो एक सेकंद आधी, २० मीटर प्रतिसेकंद वेगाने निघाला असता. उणे एक हे त्याचे उत्तर. आणि ३ सेकंदांनी चेंडू जमिनीवर पडतो तो वेगही २० च. प्रश्नाच्या उत्तरात उणे एक लिहायचे नाही हे बरोबर, पण त्याचा अर्थ सांगणाऱ्या मुलाला शिक्षकाने एक गुण जास्त द्यायला हरकत नसावी.

विहिरीत दगड टाकून खोली काढण्याचे उदाहरण जवळपास प्रत्येक पुस्तकात सापडते. मराठवाड्यात विहिरीची खोली परसात सांगतात, म्हणजे माणसाच्या उंचीच्या मापाने. दगड दीड सेकंदाने पाण्यात पडला तर खोली ११ मीटर. धर्माबादच्या अक्षांशावर गुरुत्वत्वरण ९.८ नसून ९.७८ च्या आसपास आहे, पण त्याने उत्तरात दोन-तीन सेंटिमीटरांचाच फरक पडतो. ‘डुबुक’ आवाज वर यायला सेकंदाचा तीन शतांश भाग लागतो. चौकस विद्यार्थी आवाजाची ही दुरुस्ती आवर्जून करतात आणि आपल्या अंगठ्याला विसरतात. स्टॉपवॉच दाबण्यात ०.२ सेकंद इकडेतिकडे झाले, तर उत्तर ८ मीटरपासून १४ मीटरपर्यंत कुठेही येऊ शकते. काळाचा वर्ग होतो, म्हणून काळातली चूक खोलीत दुपटीच्या प्रमाणात उतरते. दहा वेळा दगड टाकून सरासरी काढणे हा त्यावरचा उपाय. विहीर ज्याची आहे त्याला आधी विचारावे.

शाळेबाहेरची गरज वेगळी आहे. लातूरच्या राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांच्या निकालांनी ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द महाराष्ट्रभर नेला. नांदेडही आता शिकवण्यांचे मोठे केंद्र झाले आहे आणि धर्माबाद, उमरी, बिलोलीची मुले तिथे खोल्या करून राहतात. २०२५ च्या नीट परीक्षेत १८० प्रश्नांना १८० मिनिटे होती आणि भौतिकशास्त्राचे प्रश्न ४५. सरासरी मिनिटाला एक प्रश्न आणि चुकीला उणे एक गुण. अशा परीक्षेसाठी सराव लागतोच, त्याला नाके मुरडण्यात अर्थ नाही. अडचण एवढीच की मिनिटाच्या घाईत पहिला बळी पडतो तो ‘त्वरण एकसमान आहे का’ हा प्रश्न. परीक्षेच्या पेपरात ते बहुधा असतेच, त्यामुळे तो विचारण्याची सवय मोडली तरी गुण कमी होत नाहीत, आणि गुण कमी होत नाहीत म्हणून सवय मोडल्याचे कळतही नाही.

पावसाचे एक उदाहरण त्यासाठी पुरेसे आहे. दोन किलोमीटरवरच्या ढगातून थेंब सुटला. तिसरे समीकरण सांगते की जमिनीवर येताना त्याचा वेग सेकंदाला १९८ मीटर, म्हणजे ताशी ७०० किलोमीटरहून जास्त असेल. तसे असते तर मृगाच्या पहिल्या सरीत कुणी अंगणात उभे राहू शकले नसते. प्रत्यक्षात मोठा थेंबही सेकंदाला नऊ मीटरच्या आसपास वेगाने येतो. हवेचा विरोध वेगाबरोबर वाढत जाऊन थेंबाच्या वजनाइतका होतो, त्वरण शून्यावर येते आणि तिथून पुढे वेग वाढत नाही. समीकरण खोटे ठरले असे नव्हे. त्याने घातलेली अट ढगाखालच्या पहिल्या काही मीटरांतच मोडली होती. टाकीवरचा चेंडू आणि विहिरीतला दगड यांना हीच हवा भेटते, पण अंतर थोडे आणि वस्तू जड असल्याने ती दुर्लक्षिता येते. कुठे दुर्लक्ष करायचे आणि कुठे नाही, हे सांगणारे कोणतेही समीकरण नाही. उदाहरणे म्हणूनच जोडीने मांडण्याजोगी आहेत: एक अट पाळणारे, एक मोडणारे.

अशी एक जोडी धर्माबादच्या वेशीवरच आहे. गोदावरीवरचा बाभळी बंधारा आंतरराज्य वादामुळे देशभर गाजला. सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१३ रोजी दिलेल्या निकालानुसार त्याचे १४ दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवावे लागतात. दरवाजा जरासा उचलला आणि खालून पाणी सुटले, तर त्याचा वेग किती? गॅलिलिओच्या अखेरच्या महिन्यांत त्याच्याजवळ राहिलेल्या टॉरिचेलीने १६४४ साली याचे उत्तर प्रसिद्ध केले: पाण्याच्या पातळीपासून दगड तेवढाच खाली पडला असता तर त्याचा जो वेग झाला असता तोच, म्हणजे पुन्हा तिसरे समीकरण. दरवाजाशी पाच मीटर पाणी असेल तर सेकंदाला ९.९ मीटर. ही अट मोकळ्या हवेत सुटणाऱ्या पाण्याची आहे. बाभळीच्या खालच्या अंगाला तेलंगणातल्या श्रीरामसागर धरणाचा फुगवटा येतो आणि वादाचे मूळही तेच. खाली पाणी उभे असेल तेव्हा पाच मीटर धरून चालत नाही. दोन्ही बाजूंच्या पातळ्यांतला फरक धरावा लागतो. तो एक मीटर असेल तर वेग उतरतो सेकंदाला ४.४ मीटरवर, आणि पातळ्या सारख्या झाल्या की शून्यावर.